खांब, वेत, दोरी : बडोद्याच्या तालमीतील साधनांची पारख

मल्लखांबाला एरंडेल किती लावावे, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पौषातल्या पहाटेचे उत्तर वेगळे, वैशाखातल्या संध्याकाळचे वेगळे आणि श्रावणातल्या सर्द दुपारचे आणखी वेगळे. खांब सागाचा आहे की शिसवी, नवा आहे की अनेक वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेला, चढणारा मुलगा दहा वर्षांचा की पंचवीस वर्षांचा, यावरही ते बदलते. जाणता वस्ताद खांबावरून तळहात फिरवतो आणि त्या दिवसापुरते उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी तेच लागू पडेल, याची हमी तोही देत नाही.

बडोद्याच्या तालमींविषयी आपण सर्वांनी लहानपणापासून पुष्कळ ऐकले आहे. खंडेराव महाराजांचा कुस्तीचा षोक, वस्तादांच्या आणि शागिर्दांच्या आख्यायिका, जिंकलेल्या आणि हरलेल्या कुस्त्या. या गोष्टी माणसांच्या आहेत आणि त्या सांगणारे आपल्यात अजून आहेत. मला मात्र आज वस्तूंविषयी बोलायचे आहे : खांब, वेत, दोरी, जोडी, लेझीम, तेल, राळ आणि माती. कोणते साधन कोणत्या हवेत, कोणत्या अंगाला आणि कोणत्या कामाला चांगले, ही पारख आपल्याकडे कशी होत आली, ती कागदावर कशी उतरली आणि पुढे तिचे काय झाले, एवढाच माझा विषय. विषय लहान दिसतो खरा. पण तालमीच्या इतिहासातला सर्वांत आधी नाहीसा होणारा भाग हाच आहे, म्हणून तो आपल्यासमोर मांडावासा वाटतो.

प्रथम खांबाचे मूळ पाहू. मल्लखांब या नावातच त्याचे काम सांगितले आहे. तो मल्लासाठी होता, म्हणजे कुस्तीची पूर्वतयारी म्हणून होता. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अशा खांबाचा उल्लेख दाखवला जातो. आजच्या स्वरूपातील मल्लखांबाचे श्रेय मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांच्याकडे जाते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, सप्तशृंगीच्या डोंगरावर देवीची उपासना केली, झाडावरच्या वानराच्या हालचालींवरून त्यांना डाव सुचले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतील देवी आणि वानर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावेत. इतिहासाच्या दृष्टीने त्यातला एक तपशील मोलाचा आहे. जोडीदार नसताना, समोरच्या माणसाच्या जागी उभे करता येईल असे साधन या माणसाने शोधले. म्हणजे मल्लखांबाची पहिली परीक्षा कुस्तीच्या हौद्यात झाली. खांबावर केलेली मेहनत प्रतिस्पर्ध्यावर चालली, तेव्हा साधन खरे ठरले.

१८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, त्यांच्याबरोबर बाळंभटदादाही गेले आणि त्यांची शिष्यपरंपरा काशीपर्यंत उत्तरेत पसरली. पुण्याचे साधन असे गंगेकाठी पोहोचले. गंगेकाठची दमट हवा, पुण्याची कोरडी थंडी आणि आपल्या बडोद्याचा उन्हाळा यांत फार अंतर आहे. लाकूड तेच, डाव तेच, पण प्रत्येक गावी खांब थोडा निराळा वागणार, हे उघड आहे. साधनाची पारख करण्याची गरज अशा स्थलांतरातूनच निर्माण होते. एका गावी वाढलेल्या माणसाला आपले साधन ‘चांगले’ आहे एवढेच ठाऊक असते. ‘कुठे चांगले’ हा प्रश्न दुसऱ्या गावी गेल्यावर पडतो.

आता खांबाची रचना पाहू. त्याचे तीन भाग : वरचे बोंड, त्याखालची मान आणि तिच्याखालचे अंग. ही नावे माणसाच्या शरीरावरून आली आहेत, कारण खांब माणसाच्या जागी उभा आहे. अंग बुडाशी जाड आणि वर निमुळते होत जाते. मांड्यांची पकड खाली जाड भागावर बसते, हाताची आणि पायाची पकड वर बारीक भागावर. बोंडावर उभे राहता येते, बसता येते, पोटावर तोलता येते. हा निमुळतेपणा केवळ शोभेचा नाही. खांब सरळ आणि एकाच घेराचा असता तर अढी एका उंचीवर घट्ट बसली असती आणि दुसऱ्या उंचीवर सुटली असती.

लाकूड सागाचे किंवा शिसवीचे घेतात. दोन्हींची तुलना करण्याजोगी आहे. शिसव सागापेक्षा जड आणि कठीण, तिला घासून गुळगुळीतपणा उत्तम येतो. साग त्या मानाने हलका. पण सागात नैसर्गिक तेल असते, ऋतू बदलला तरी तो फार फुगत किंवा आक्रसत नाही आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. पुरलेल्या मल्लखांबाचा खालचा भाग कायम मातीत असतो. लाकूड कुजते ते बहुधा माती आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर. तेथे वरून काही दिसत नाही आणि वर चढलेल्या माणसाचा सारा भार तिथेच येतो. म्हणून जमिनीत पुरायच्या खांबाला साग आणि टांगायच्या खांबाला कोणतेही चांगले कठीण लाकूड, असा विचार केला तर तो चुकणार नाही. बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतात सोनगढ-व्यारा बाजूला सागाची राने होती. चांगल्या सागासाठी या राज्याला परमुलखात जावे लागत नव्हते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लाकडाइतकेच महत्त्व त्यावरच्या तेलाला. मल्लखांबाला एरंडेल लावतात, हातापायांना राळेची पूड लावतात. एक घसरण्यासाठी, दुसरी न घसरण्यासाठी. वरवर पाहता हा विरोधाभास वाटेल. परंतु खांबावरचा खेळाडू एकाच उडीत दोन्ही गोष्टी मागत असतो. फिरकी घेताना अंग खांबावरून सुरळीत फिरले पाहिजे, कातडी सोलवटता कामा नये. आणि फिरकी संपताच पकड क्षणात बसली पाहिजे.

एरंडेल हे पातळ तेल नव्हे. २० अंश सेल्सिअसला ते जितके घट्ट असते, त्याच्या निम्म्याहूनही कमी घट्ट ते ३० अंशांना राहते. बडोद्यात हिवाळ्यातल्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. म्हणजे हाताशी असलेली बाटली तीच, पण जानेवारीत आणि मे महिन्यात तिच्यातून जणू दोन वेगळी तेले बाहेर पडतात. थंडीत तेलाचा थर जाड आणि असमान बसतो, तो कापडाने पुसून अगदी पातळ करावा लागतो. उन्हाळ्यात ते ओघळते, घामात मिसळते आणि पकड कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही. पावसाळ्यात घाम वाळत नाही आणि ओल्या हातावर राळ नीट बसत नाही. एरंड हे गुजरातचे मोठे पीक, तेव्हा तेलाचा तुटवडा कधी नव्हता. प्रश्न तेलाच्या मात्रेचा होता आणि आजही आहे.

आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे आता सुटीत गुलमर्गला जातात आणि पायांना स्की बांधून बर्फावरून घसरतात. त्यांना विचारा. त्या खेळाचीही अडचण हीच आहे. सपाटीवर किंवा चढावर स्कीने चालणाऱ्याला पाऊल मागे रेटताना पकड हवी असते आणि पुढे जाताना घसरण. त्यासाठी पट्टीच्या मधल्या भागाला धरून ठेवणारे मेण आणि टोकांना घसरवणारे मेण लावतात. कडाक्याच्या थंडीतल्या ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात, तेथे कठीण मेण चालते. वितळून पुन्हा गोठलेल्या किंवा ओल्या बर्फावर ते निकामी होते, तेथे मऊ, चिकट लेप लागतो. पेटर ओस्टब्यू या नॉर्वेच्या स्कीपटूने १९१३ साली अशा चिकट लेपाचे पेटंट घेतले. पट्ट्यांचेही तसेच : भुसभुशीत खोल बर्फावर रुंद पट्टी तरंगते, टणक बर्फावर अरुंद आणि धारदार कडेची पट्टी लागते. त्या देशांत कोणत्या बर्फाला कोणती पट्टी आणि कोणते मेण, याची तुलना हा एक स्वतंत्र अभ्यास झाला आहे. दर हंगामात नवी साधने निरनिराळ्या उतारांवर वापरून पाहतात आणि निष्कर्ष लिहून ठेवतात. एरंडेल आणि राळ यांचा आपला हिशेब त्याच जातीचा आहे. फरक एवढाच की आपला हिशेब बहुतेक वेळा लिहिला गेला नाही.

खांबावरून वेताकडे येऊ. वेताचा मल्लखांब म्हणजे उंच टांगलेला एक लांब, चिवट वेत. खांब उभा राहतो, वेत हलतो. खांबाला मिठी मारता येते, वेताला फक्त धरता येते. त्यामुळे वेतावर अंगाचा भार थोड्याशा जागी पेलावा लागतो आणि पायाच्या अंगठ्याने व शेजारच्या बोटाने पकड घ्यावी लागते. ही पकड जमली की खेळाडू वेताला स्वतःभोवती गुंडाळून निरनिराळ्या आसनांत स्थिर होतो. जमली नाही, तर दोन हात शिल्लक असूनही तो खाली येतो.

वेताची परीक्षा खांबाच्या परीक्षेपेक्षा अवघड. वेत वाढतो तो भरपूर पावसाच्या, दमट रानात : पश्चिम घाटात, ईशान्येकडच्या डोंगरांत. बडोद्याच्या परिसरात तो येत नाही. लांब, एकसारख्या जाडीचा, निर्दोष वेत मिळणे मुळात कठीण. मिळाला तरी कोरड्या उन्हाळ्यात तो वाळतो, कडक होतो आणि वाकवताना तडकण्याची भीती असते. ज्या साधनाला वर्षातले काही महिने विसावा द्यावा लागतो, ते साधन आपल्या हवेला मानवत नाही, असेच म्हटले पाहिजे. म्हणून जिथे जिथे मल्लखांब पसरला तिथे हळूहळू वेताची जागा सुती दोरीने घेतली. वेतावरचे पुष्कळसे डाव दोरीवर जसेच्या तसे आले.

दोरी आली आणि काही गोष्टी बदलल्या. वेतात थोडा ताठपणा असतो, तो खेळाडूला आधार देतो. दोरी पूर्णपणे लुळी असते, तिला आकार खेळाडूनेच द्यायचा. उलट दोरी अंगावर घट्ट बसते, तडकत नाही, हवी तेवढी लांब मिळते आणि स्वस्त पडते. भिजली की ती आखडते आणि राठ होते, पण कापसाचा धागा भिजल्याने कमकुवत होत नाही. कानम प्रदेशातला कापूस आपल्या दाराशी पिकतो, हे आपण जाणताच. वेत जाऊन दोरी आली यात गमावले काय आणि कमावले काय, याचा जमाखर्च मांडला तर बडोद्यासारख्या गावाला दोरी लाभदायक ठरली, असेच दिसते. मुलींच्या व्यायामातही दोरीच आधी आली. खांबावर उघड्या अंगाची पकड लागते. दोरीवर कपडे घालून बरेचसे डाव करता येतात. एका समाजाने मुलींना तालमीत येऊ देताना कोणते साधन पुढे केले, हे पाहण्यासारखे आहे. पुढे मुलीही पुरलेल्या खांबावर चढू लागल्या, तेव्हा त्यासाठी साधन बदलावे लागले नाही. बदलावी लागली ती पाहणाऱ्यांची दृष्टी.

याखेरीज टांगता मल्लखांब आहे. तो आखूड, साखळीला अडकवलेला, जमिनीला न टेकणारा. पुरलेल्या खांबाला आपण धरतो आणि तो स्थिर असतो. टांगता खांब मात्र आपल्याबरोबर झुलतो आणि फिरतोही. निराधार मल्लखांब जमिनीत न पुरता नुसता टेकवून ठेवलेला असतो, तिथे तोल हाच सारा खेळ. बाटल्यांवर ठेवलेल्या पाटावरचा मल्लखांब तर कसोटीची परिसीमा. या प्रकारांकडे आपण बहुधा करामत म्हणून पाहतो. मला ती चाचण्यांची मालिका वाटते. स्थिर खांबावर आलेला डाव पक्का आहे की नाही, हे खांब हलू लागला की कळते. खांब खेळाडूला पारखतो आणि खेळाडू खांबाला, असे हे दुहेरी काम आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. बडोद्याच्या व्यायामाच्या इतिहासात जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव ही दोन नावे एकत्रच घ्यावी लागतात. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि शिष्याने चालवलेल्या संस्थेला नाव गुरूचे : जुम्मादादा व्यायाममंदिर. माणिकरावांचा लौकिक तीन गोष्टींसाठी : देशी व्यायाम आणि शस्त्रविद्या, देशी शब्दांतल्या आज्ञांवर चालणारी सांघिक कवायत, आणि अस्थिसंधान, म्हणजे मोडलेली-निखळलेली हाडे बसवण्याची विद्या. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात. साधनांच्या दृष्टीने पाहिले तर त्या एका धाग्यात ओवता येतात. ज्याच्याकडे निखळलेले खांदे आणि मुरगळलेले घोटे रोज येतात, त्याला कोणत्या साधनावर काय दुखावते हे इतरांच्या आधी कळते. हाडवैद्याचा ओटा ही साधनांची परीक्षा करण्याची जागाच आहे, असे मला वाटते.

सांघिक कवायतीने परीक्षेचा आणखी एक निकष आणला : संख्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले मोठ्या संख्येने शाळेत आली. तालमीतल्या एका खांबावर एका वेळी एकच मुलगा चढतो, बाकीचे रांगेत उभे राहतात. दहा शागिर्दांच्या आखाड्यात हे चालते, दोनशे मुलांच्या मैदानावर चालत नाही. तिथे लाठी, लेझीम, हलकी जोडी आणि साधनाविना होणारी कवायत पुढे आली. यांपैकी कोणतेही साधन खांबापेक्षा श्रेष्ठ होते म्हणून आले नाही. परिस्थिती बदलली, तसे योग्य साधन बदलले.

जोडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आपली जुनी मुद्गलांची जोडी जड असते. वजन टोकाकडे असल्यामुळे ती फिरवताना मनगट, बाहू, खांदा आणि पाठ सगळ्यांना काम पडते, आणि एक चूक खांद्याला महागात पडते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ही जोडी पाहिली आणि हलकी करून आपल्या देशी नेली. तिकडे तिला ‘इंडियन क्लब’ म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या सिम केहो यांनी १८६६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा होती. तीच हलकी जोडी पुढे विलायती व्यायाम म्हणून आपल्या शाळांत परत आली. कोणती चांगली? जड जोडी ताकद वाढवते, तिला जाणता वस्ताद आणि मोकळी जागा लागते. हलकी जोडी सांधे मोकळे करते, ताल शिकवते आणि एका शिक्षकासमोर पन्नास मुलांच्या हातात देता येते. जो प्रश्न विचारू, त्याप्रमाणे उत्तर येईल. लेझमीचेही तसेच. मूळचा लेझीम हा धनुर्धराच्या सरावाचा, लोखंडी साखळी लावलेल्या धनुष्यासारखा, मेहनतीचा. शाळेतली लेझीम लाकडी दांडीची आणि झणझणणाऱ्या चकत्यांची. पहिली एकट्याची मेहनत, दुसरी समूहाचा ताल. एकाच नावाखाली ही दोन साधने आहेत, हे विसरले की वाद सुरू होतो.

अशा तुलना तोंडी होत्या तोवर त्या वस्तादाबरोबर जात. त्या कागदावर आणण्याचा मोठा उद्योग बडोद्यातच झाला, याचा आपण जितका अभिमान बाळगतो त्याहून अधिक उपयोग करायला हवा होता. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार, म्हणजे आबासाहेब मुजुमदार, यांनी संपादिलेला ‘व्यायामज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत मराठीत प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये बडोद्याहूनच त्याचा इंग्रजी संक्षेप निघाला. एका माणसाच्या हयातीत, महायुद्धाच्या कागदटंचाईच्या वर्षांतून, मराठीत व्यायामाचे दहा खंड निघतात, तेही महाराष्ट्राबाहेर. सयाजीरावांच्या राज्यात ‘श्रीसयाजी साहित्यमाले’सारखे उपक्रम चालत होते, ग्रंथालये खेड्यांपर्यंत पोहोचली होती. ज्ञान लिहून ठेवायचे असते हा संस्कार त्या वातावरणातला होता. तालमीतली विद्या मात्र त्या संस्काराबाहेर राहिली होती, कारण ती अंगाने शिकायची विद्या. मुजुमदारांनी तिला कोशात जागा दिली. साधने, त्यांचे प्रकार, आकृत्या, डाव यांना मराठी नावे कायम झाली. बोंड, मान, अंग, अढी, तेढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा, ताजवा हे शब्द आज परप्रांतांतील मल्लखांबपटूही वापरतात.

परंतु कोशालाही मर्यादा असते. कोश खांबाची मापे सांगू शकतो. पण अमुक दिवशी तमुक खांब हाताला कसा लागला, हे सांगू शकत नाही. एखाद्या साधनाचे वर्णन आणि त्याची पारख यांत हे अंतर राहतेच.

यानंतरचा टप्पा प्रमाणीकरणाचा. मल्लखांब स्पर्धेचा खेळ झाला. १९८१ च्या जानेवारीत उज्जैन येथे अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि खेळाला नियमावली मिळाली. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गुजरातेत झाल्या आणि त्यांत मल्लखांबाचा प्रथमच समावेश झाला. स्पर्धेच्या खांबाचे माप ठरले : जमिनीवर उंची सुमारे २.६ मीटर, बुडाचा घेर सुमारे ५५ सेंटिमीटर, वरचा सुमारे ३०, मान १८ ते २० सेंटिमीटर. हे आवश्यकच होते. एकाचा खांब बारीक आणि दुसऱ्याचा जाड असेल तर गुण देणार कशाला? न्याय द्यायचा तर साधन सारखे हवे.

या न्यायाची किंमत मात्र मोजावी लागली. नऊ वर्षांच्या मुलासाठी बारीक खांब, वयस्क पहिलवानासाठी जाड खांब, पावसाळ्यासाठी टांगता, गर्दीसाठी दोरी, असा जो विचार जुन्या तालमीत असू शकत होता, तो स्पर्धेच्या मापाने मागे सारला. जे साधन स्पर्धेत नाही, ते शिकवण्याचे कारण उरत नाही. वेत असाच गेला. बाटल्यांवरचा आणि निराधार मल्लखांब प्रात्यक्षिकापुरते उरले.

कुस्तीत हीच गोष्ट अधिक कठोरपणे घडली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत घडलेले. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली ती माती पायाला धरते, पडणाऱ्याला सांभाळते आणि कुस्तीला अवधी देते. गादीवर पाय वेगळा पडतो, हालचाल झटपट लागते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जाधव सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. माती वाईट की गादी वाईट, हा प्रश्न त्यातून निघत नाही. ज्या जमिनीवर लढायचे तिचा सराव हवा, हा धडा निघतो. तो धडा आपल्या आखाड्यांनी घेतला, पण पुष्कळांनी तो घेताना मातीचे ज्ञानच टाकून दिले : कोणत्या ऋतूत किती ताक, किती तेल, माती कधी खणायची, कधी बदलायची.

मग आज आपण काय करावे? जुनी तालीम जशीच्या तशी उभी करा, असे मी म्हणणार नाही. ती होणारही नाही आणि तशी गरजही नाही. माझी मागणी मर्यादित आहे. बडोद्यातील मराठी घराण्यांत अजूनही असे आजोबा आहेत ज्यांच्या हातांना खांबाची ओळख आहे. काही घरांत जुन्या जोड्या, जुने लेझीम, एखादा जुना खांब असेल. त्यांची मापे घ्या : लांबी, घेर, वजन, लाकूड. कोण वापरीत असे, कोणत्या वयात, कोणत्या महिन्यात, हे विचारून लिहून ठेवा. तेल किती लावीत, राळ कुठली घेत, खांब कधी बाद ठरवीत, कशावरून ठरवीत. ‘त्या वेळी असेच होते’ या उत्तरावर थांबू नका, ‘पावसाळ्यात काय करीत होता?’ असा पुढचा प्रश्न विचारा. खरी माहिती या पुढच्या प्रश्नातून येते.

तरुण खेळाडूंनाही हे सांगावेसे वाटते. आज तुमच्याकडे तापमान आणि हवेतली ओल मोजणारी यंत्रे खिशात आहेत. एका वर्षात, एकाच खांबावर, दर आठवड्याला तेलाची मात्रा आणि पकडीचा अनुभव वहीत टिपला, तर बडोद्याच्या हवेतल्या मल्लखांबाचे असे टिपण तयार होईल जे दहा खंडांच्या कोशातही मावले नसते. बर्फाच्या देशांतले लोक हे करतात, कारण त्यांना चुकीचे मेण लावले तर शर्यत हरण्याची भीती असते. आपल्याला तेल चुकले तर मूल खांबावरून पडण्याची भीती आहे. आपले कारण त्यांच्याहून मोठे आहे.

मुजुमदारांच्या कोशाला अकरावा खंड कधी निघाला नाही. तो एका माणसाने लिहायचा खंडही नाही. ज्यांच्या घरी वस्तू आहेत, ज्यांच्या हातांना सवय आहे आणि ज्यांच्या तोंडी शब्द आहेत, अशा आपल्यासारख्या पन्नास घरांनी तो थोडा थोडा लिहायचा आहे. येत्या हिवाळ्यात सुरुवात करा. थंडीत एरंडेल घट्ट होते, तेव्हा पहिली नोंद सोपी जाईल.